मोबाईलमधला फोटो कागदावर उतरवताना



आजचा विषय दिसावयास लहान आहे. मोबाईलमध्ये काढलेला फोटो हव्या त्या मापात कागदावर कसा छापून घ्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. यात सांगण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. दुकानात जावे, मोबाईल दाखवावा, फोटो घ्यावा आणि पैसे देऊन मोकळे व्हावे! परंतु नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही गावी, कोणाच्याही बैठकीत बसल्यावर भिंतीकडे जरा लक्षपूर्वक पाहा. एका चौकटीत आजोबा असतात. फोटो पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, काळापांढरा, कागद कडेने पिवळा पडलेला. पण फेट्याचा पीळ मोजून घ्यावा आणि मिशीचा केस न् केस दिसावा. शेजारच्या चौकटीत आजी. तिला जाऊन चार-पाच वर्षेच झालेली. फोटो रंगीत, चौकट सोनेरी आणि आजोबांच्या दुप्पट मोठी. चेहरा मात्र धुक्यातून पाहिल्यासारखा. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग आणि लुगड्याच्या काठाला पायऱ्या-पायऱ्या पडलेल्या.

यंत्रे सुधारली, फोटो स्वस्त झाला, घरातल्या पोराच्या खिशात कॅमेरा आला. मग आजीच्याच वाट्याला हे धुके का यावे? दोष यंत्राचा नाही, आणि दुकानदाराचाही बहुधा नाही. दोष मापाचा आहे, आणि ते माप आपण घरी बसून तपासू शकतो.

पूर्वी फोटोला जन्मतःच माप असे. कॅमेऱ्यात काचेची प्लेट घालत. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी ‘फुल प्लेट’, ‘हाफ प्लेट’ हे शब्द होते ते याच काचेवरून. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. या प्लेटवर कागद ठेवून उजेड दिला की प्लेटएवढाच फोटो निघे. निजामाच्या दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ (१८४४ ते १९०५) अशाच मोठाल्या काचांवर फोटो घेत. आपला मराठवाडा त्या काळी त्याच हैदराबाद राज्यात होता. त्यांचे फोटो आज पाहिले तरी अंगरख्यावरची वेलबुट्टी स्पष्ट दिसते, कारण जेवढी काच तेवढा कागद. ताणाताण मुळी नाहीच. पुढे फिल्म आली. तिची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे दोन बोटांएवढी. तरी ती हातात धरता येई, उजेडासमोर पाहता येई.

मोबाईलमधल्या फोटोचे तसे नाही. त्याला इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत. तो म्हणजे ठिपक्यांची मोजदाद आहे. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून पाहा, म्हणजे ठिपक्यांनी चेहरा कसा उभा राहतो ते कळेल. मोबाईलमध्येही तसेच, फक्त तिथे प्रत्येक ठिपका चौकोनी आहे आणि त्याचा रंग आकड्यांत लिहून ठेवलेला आहे. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या गृहस्थांनी संगणकात पहिला फोटो उतरवला, तो त्यांच्या तान्ह्या मुलाचा होता. त्यात आडवे १७६ आणि उभे १७६ ठिपके होते, म्हणजे सगळे मिळून एकतीस हजारांच्या आत-बाहेर. आज आपल्या साध्या मोबाईलच्या फोटोत आडवे ३००० आणि उभे ४००० ठिपके असतात. म्हणजे एक कोटी वीस लाख. त्यालाच बारा मेगापिक्सेल म्हणतात. जाहिरातीत पन्नास मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी असे बहुतेक फोन नेहमीच्या पद्धतीत सुमारे बारा मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात. त्यात फसवणूक आहे असे समजू नका. घरगुती छपाईला बारा पुष्कळ होतात.

आता हे ठिपके कागदावर पसरावयाचे. आपण शेतकरी माणसे, तेव्हा पेरणीचाच दाखला घेऊ. सोयाबीनचे बी एकराला साधारण तीस किलो लागते. तेवढे बी एका एकरात पेरले तर रान भरून जाते. तेच तीस किलो चार एकरांत फेकले, तर बी काही वाढले नाही. रोपे लांब-लांब पडली आणि मधली काळी माती दिसू लागली. फोटोचे अगदी असेच. ठिपके म्हणजे बी, आणि कागद म्हणजे रान. चार बाय सहा इंचाचा फोटो आठ बाय बाराचा केला की आपण म्हणतो ‘दुप्पट केला’. वास्तविक रान चौपट झाले! लांबीही दुप्पट, रुंदीही दुप्पट. ठिपके मात्र होते तेवढेच.

मग इंचात किती ठिपके असावेत? हे डोळ्यावर ठरते. कागद हातभर अंतरावर, म्हणजे तीस सेंटिमीटरवर धरला, तर निरोगी डोळ्याला मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या भागाएवढे दोन ठिपके वेगळे ओळखू येतात. त्याहून बारीक असले तर ते एकमेकांत मिसळतात आणि चित्र सलग दिसते. हिशेब केला तर हे इंचाला तीनशेच्या आसपास येते. स्टुडिओत ‘तीनशे डीपीआय’ असा जो मंत्र ऐकू येतो त्याचे मूळ हे असे आपल्या डोळ्यांत आहे.

यावरून एक तोंडी हिशेब करता येतो. मोबाईलमध्ये फोटो उघडा आणि ‘डिटेल्स’ किंवा ‘तपशील’ म्हणून जे असते ते पाहा. तिथे ३००० बाय ४००० असे काहीतरी लिहिलेले आढळेल. त्या प्रत्येक संख्येचे शेवटचे दोन आकडे बोटाने झाका आणि उरलेल्याला तिनाने भागा. ३००० चे उरले ३०, भागिले ३, दहा. ४००० चे उरले ४०, भागिले ३, तेरा आणि वर थोडे. म्हणजे हा फोटो दहा बाय तेरा इंचांपर्यंत हातात धरून पाहण्याइतका स्वच्छ निघेल. गुरुजी, सातवीच्या गुणोत्तर-प्रमाणाच्या तासाला हे उदाहरण घालून पाहा. पोरे नळ आणि हौदाच्या गणितापेक्षा यात अधिक रमतील, अशी माझी खात्री आहे.

भिंतीवरचा फोटो आपण लांबून पाहतो, मग त्याला इतके ठिपके कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. बरोबर आहे. सहा फुटांवरून डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काही वेगळे दिसत नाही. तिथे इंचाला पन्नास ठिपकेही चालून जातात. चौकातले वाढदिवसाचे मोठमोठे फ्लेक्स याच आधारावर उभे असतात. रस्त्यावरून साहेब तेजस्वी दिसतात; शिडी लावून जवळ गेले तर साहेबांच्या गालावर नुसते चौकोन! खालच्या ओळीतल्या शुभेच्छुकांचे तर विचारू नका. परंतु घरातला गेलेल्या माणसाचा फोटो हा फ्लेक्स नव्हे. त्याला आपण रोज हार घालतो, काच पुसतो, सण असला की जवळ जाऊन गंध लावतो. लेक माहेरी आली की ती त्या फोटोसमोर उभी राहते, आणि ती काही सहा फुटांवर उभी राहत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, तसबिरीच्या फोटोला इंचाला दोनशे ठिपके धरावेत. अगदीच अडचण असेल तर दीडशे. दीडशेच्या खाली उतरू नये.

आता ठिपके हरवतात कुठे ते पाहू. माणूस जातो तेव्हा घरात कोणाला काही सुचत नाही. दहाव्याला, तेराव्याला फोटो हवा असतो. कोणीतरी म्हणते, मागच्या दिवाळीला काढलेला एक चांगला आहे, तो पुण्याच्या नातवाकडे असेल. नातू तो व्हॉट्सॲपवर पाठवतो. इकडे भाचा तो घेऊन तालुक्याला जातो. घाई असते. दुकानदार म्हणतो, “मामा, हे बारकं आहे, मोठं केलं तर फाटंल.” भाचा म्हणतो, “असू द्या, बारा बाय अठराच करा. दारात मांडायचाय.” झाले! व्हॉट्सॲपवर साधेपणी पाठवलेला फोटो वाटेतच लहान होतो. ४००० ठिपक्यांची बाजू साधारण १६०० वर येते आणि ३००० ची १२०० वर. आपल्या तोंडी हिशेबाने तो आता चार बाय सव्वापाच इंचांचा फोटो झाला. तो अठरा इंच ताणला की इंचाला नव्वदसुद्धा ठिपके उरत नाहीत. आजीचे धुके ते हेच.

यावर उपाय अगदी सोपा आहे. फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. म्हणजे तो जसाच्या तसा, एकही ठिपका न गाळता जातो. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये ‘एचडी’ अशीही सोय आली आहे. तीही साध्यापेक्षा बरी, पण मूळ फोटोची सर तिला नाही. ईमेलने पाठवा, पेनड्राइव्हवर द्या, किंवा ज्या मोबाईलने फोटो काढला तो मोबाईलच दुकानात न्या. आणि स्टेटसवरच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो छापावयास कधीही देऊ नका. स्क्रीनशॉटमध्ये फोटोचे ठिपके येत नाहीत, तुमच्या पडद्याचे येतात. पडद्याची रुंदी बहुतेक फोनमध्ये ७२० किंवा १०८० ठिपक्यांचीच असते.

दुसरी हरवण्याची जागा म्हणजे अर्ज. आपल्या भागात ही जागा फार मोठी आहे. लातूर पॅटर्नचे नाव ऐकून बाहेरगावची मुले लातूरला येतात, नांदेडलाही शिकवण्यांना मुलांची गर्दी असते. आणि भरतीचे, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज तर घरोघरी. प्रत्येक अर्जाची फोटोची अट निराळी. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसचा जो अर्ज असतो त्यात २०० बाय २३० ठिपक्यांचा, २० ते ५० केबी वजनाचा फोटो मागतात. नेट कॅफेतला मुलगा तुमचा फोटो घेतो, दाबून-दाबून त्या मापात बसवतो आणि अर्ज भरून देतो. इथवर ठीक. पुढे तुम्ही त्याला म्हणता, “तोच फोटो मला मोबाईलवर टाक.” तो टाकतो. मूळ फोटो पुसला जातो आणि ही वाळलेली शेंग तेवढी हाती राहते. दोन आकडे झाका, तिनाने भागा: पाऊण इंचही नाही!

यातच केबीचा घोटाळा मिसळतो. केबी हे फाइलचे वजन आहे, ठिपक्यांची संख्या नव्हे. १२०० बाय १६०० चाच फोटो कमी-जास्त दाबून १५० केबीचा करता येतो आणि ७०० केबीचाही. तेव्हा अर्जाची अट वाचताना ठिपके किती आणि केबी किती, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात. आणि अर्जासाठी केलेली बारीक प्रत नेहमी दुसऱ्या नावाने साठवावी. मूळ फोटोला हात लावू नये. सातबारा आपण जसा झेरॉक्सवरून चालवतो आणि खरेदीखत पेटीत ठेवतो, तसे.

कागदावर चिकटवण्याच्या फोटोचे माप तर आणखी गमतीचे. आपल्याकडे सर्रास लागतो तो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. सेंटिमीटर, इंच नव्हे! अमेरिकेच्या व्हिसाला जाणाऱ्या मुलाला मात्र दोन बाय दोन इंच, चौरस फोटो लागतो. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरला इंचाला तीनशेच्या हिशेबाने ४१३ बाय ५३१ ठिपके लागतात. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात, आणि ते का बसतात हे पाहण्यासारखे आहे. सहा इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. पस्तीसचे चार, १४०. चार इंच म्हणजे १०१ मिलिमीटरच्या थोडे वर. पंचेचाळीसचे दोन, ९०. चार दुणे आठ, आणि कात्री फिरवायला कडेला जागाही राहते. घरच्या किंवा शाळेच्या प्रिंटरवर हा कागद काढताना ‘फिट टू पेज’ या खुणेवर नजर ठेवा. ती लागलेली असली की प्रिंटर आपल्या मर्जीने फोटो लहान-मोठा करतो. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा शंभर टक्के निवडा. कडेला पांढरी पट्टी न ठेवता छापण्याची जी ‘बॉर्डरलेस’ सोय असते, तीही फोटो किंचित मोठा करते, म्हणजे कडा कागदाबाहेर जाव्यात. पहिली प्रत निघाली की कंपासपेटीतली पट्टी लावून पाहावी. पस्तीसच्या जागी सदतीस भरले तर दुसरी प्रत काढण्याआधी थांबावे.

माप झाले, तरी आकार राहतो. मोबाईलचा फोटो तीनास चार या प्रमाणाचा असतो. दुकानातला चार बाय सहाचा कागद दोनास तीन या प्रमाणाचा. हे प्रमाण त्या दोन बोटांएवढ्या फिल्मवरून आलेले आहे. फिल्म गेली, कागद राहिला. मोबाईलचा आडवा फोटो या कागदावर पूर्ण भरावयाचा तर वरून-खालून मिळून उंचीचा नववा भाग कापावा लागतो. यंत्र तो आपोआप कापते, आणि यंत्राला पाहुणे कोण व सोयरे कोण हे कळत नाही. लग्नाच्या फोटोत मागच्या ओळीतल्या चुलत्यांचा फेटा जातो, नाही तर पुढे बसलेल्या मुलांचे पाय. न कापता सगळा फोटो मागितला तर दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतात. आणि तिसरा मार्ग म्हणजे ताणणे. तो घेऊच नये; सडपातळ नवरदेव त्यात पाटलासारखा रुंद होतो. म्हणून कापणे आपल्याच हाताने, घरी करावे. मोबाईलमध्ये ‘क्रॉप’ असते, तिथे २ : ३ किंवा ३ : २ असे प्रमाण निवडता येते. चौकट सरकवून कोण राहिले, कोण गेले ते पाहावे आणि मग दुकानात द्यावे. त्याहून चांगले म्हणजे फोटो काढतानाच चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी.

शाळेच्या गटफोटोबद्दल शिक्षक बंधुभगिनींना एक सांगतो. एका ओळीत वीस मुले उभी केली, तर ४००० ठिपके वीस जणांत वाटले गेले. एकेकाच्या वाट्याला दोनशे, आणि त्यात खांदेही आले. चेहऱ्याला शंभरसुद्धा मिळत नाहीत. बारा बाय अठरावर हा फोटो शोभून दिसेल. पण पुढे कोणी त्यातला एकच चेहरा कापून मोठा करून मागितला, तर तो होणार नाही. आपल्या कित्येक घरांत आईचा फोटो म्हणून जे काही असते ते लग्नातल्या घोळक्यात, कडेला, अर्धे तोंड पदराआड, असेच असते. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकटा, जवळून, ओसरीच्या सावलीतल्या उजेडात एक फोटो आजच काढा. बोटांनी पडदा फाकवून जवळ आणू नका, त्याने ठिपके कमी होतात. दोन पावले पुढे जा. आणि तो फोटो दोन ठिकाणी ठेवा.

ज्यांच्या घरी आता माणूस नाही आणि जुना कागदी फोटोच आहे, त्यांचे काम निराळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली दगडमातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. भिंतीच गेल्या तिथे भिंतीवरच्या तसबिरी कुठल्या राहणार? अशा घरी मागे राहिला असेल तर एखाद्या पासबुकावरचा, सोयऱ्यांच्या अल्बममधला, अर्जाला लावून उरलेला बारीकसा फोटो. तो कागद आता तीस वर्षांहून जुना आहे. त्याचा मोबाईलने फोटो काढून समाधान मानू नका. स्कॅनर असलेल्या दुकानात तो घेऊन जा, आणि नुसते ‘स्कॅन करा’ म्हणू नका, किती करावयाचे ते सांगा. हिशेब असा: फोटो जितके पट मोठा करावयाचा तितक्या पटीने तीनशेला गुणा. दोन बाय तीन इंचाचा फोटो आठ बाय बारा करावयाचा आहे, म्हणजे चौपट. तर बाराशेवर स्कॅन करून घ्या. सहसा मुले तीनशेवर स्कॅन करून देतात, कारण ते लवकर होते. त्यांना थोडे थांबावयास सांगा. अर्थात कागदावर मुळात जे उमटलेलेच नाही ते स्कॅनर आणू शकत नाही. पण उमटलेले आहे तेवढे तरी पुरते उचलतो. स्कॅनर जवळपास नसेलच तर फोटो काचेबाहेर काढून, सावलीत टेबलावर सपाट ठेवून, मोबाईल अगदी समांतर धरून घ्यावा. काचेसकट घेतला की काढणाऱ्याचेच तोंड त्यात चमकते.

इथे आणखी एक गोष्ट बोलावीशी वाटते. हल्ली असली ॲप निघाली आहेत की, अस्पष्ट फोटो टाकला तर क्षणात लख्ख करून देतात. जुन्या पद्धतीनेही संगणक मोठे करताना मधले ठिपके अंदाजाने भरी, पण तो शेजारच्या दोन रंगांमधला रंग भरी इतकेच. ही नवी यंत्रे त्याच्या पुढे गेली आहेत. त्यांनी हजारो चेहरे पाहिलेले असतात; त्यावरून ती तुमच्या आजीला पापण्या देतात, दात देतात, गालावरची सुरकुती पुसतात. फोटो सुंदर होतो, आणि फोटोतली बाई कोणी तरी दुसरीच असते. दुकानदार हौसेने दाखवतो, घरातली तरुण मुले वाहवा करतात, आणि म्हातारा नवरा खाटेवरून बघतो व काही बोलत नाही. मला हा प्रकार पटत नाही. धूसर असली तरी आपली ती आपली. ओरखडा काढणे, डाग पुसणे, उजळ करणे हे सगळे जरूर करावे; चेहरा मात्र यंत्राला रचू देऊ नये.

मग ठिपके थोडे आणि चौकट मोठी हवी, असे असेल तर करावे काय? फोटो लहान काढावा. व्हॉट्सॲपवरून आलेला १२०० बाय १६०० चा फोटो सहा बाय नऊ इंचात छापला, तर इंचाला पावणेदोनशेच्या वर ठिपके मिळतात. फोटो स्वच्छ निघतो. तो बारा बाय अठराच्या चौकटीत मधोमध बसवावा आणि भोवती पांढरा किंवा फिकट पिवळसर पुठ्ठा घालावा. दुकानदार याला माउंट म्हणतात. दारात मांडला तर चौकट लांबून दिसते आणि जवळ गेले तर चेहरा ओळखू येतो.

शाळांतही हाच विचार उपयोगी पडेल. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव १९९४ मध्ये नांदेडच्या विद्यापीठाला मिळाले, तेव्हा त्यांचा फोटो आपल्याकडच्या शाळेत असावा हे ओघानेच आले. आदल्या दिवशी संध्याकाळी इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो फोटो मोठ्या कागदावर छापला जातो. शोधपानावर दिसतो तो नमुन्यापुरता असतो. ३०० ठिपके रुंदीचा. ए-फोर कागद सव्वाआठ इंच रुंद. इंचाला छत्तीस ठिपके! मग स्वामीजींच्या चष्म्याची काडी जिन्यासारखी दिसते. त्या नमुन्यावर न थांबता तो ज्या पानावरून आला ते पान उघडावे, तिथे मोठी प्रत असते का पाहावे. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी फोटोखालीच ठिपके लिहिलेले असतात. आणि कुठेच मोठी प्रत मिळाली नाही, तर अर्ध्या कागदावर छापावी.

दुकानात गेल्यावर एक शंका हमखास निघते, तीही सांगून ठेवतो. दुकानातला मुलगा फाइल उघडतो आणि म्हणतो, “सर, हा बहात्तरचा आहे, तीनशेचा आणा.” घाबरून जाऊ नका. फाइलवर लिहिलेला बहात्तर हा आकडा म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी आहे. पोत्यात दाणे किती आहेत ते तिच्यावरून कळत नाही. फोटो ३००० बाय ४००० चा असेल, तर चिठ्ठीवर बहात्तर असो की तीनशे, दहा बाय तेरा तो छापला जाणारच. त्याला म्हणावे, ‘इमेज साइज’मध्ये ‘रिसॅम्पल’वरची खूण काढ आणि मग तीनशे लिही. ठिपके तेवढेच राहतील, इंच बदलतील. खूण न काढता तीनशे लिहिले, तर संगणक मधले ठिपके मनाने भरून फाइल फुगवतो, आणि सगळ्यांना वाटते काम चांगले झाले.

मोठा फोटो काढण्याआधी नमुना पाहून घ्यावा. बारा बाय अठरा छापावयाचा असेल, तर त्याच मापातला फक्त चेहऱ्याचा, चार बाय सहा इंचाचा तुकडा कापून छापावयास सांगा. मोठ्या फोटोत चेहरा जसा येईल तसाच, तेवढाच, त्या तुकड्यावर येतो. खर्च लहान फोटोचा. तो हातात घेऊन बाहेर उजेडात पाहा. मोबाईलचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद तसा नसतो, म्हणून छापलेला फोटो बहुधा अंधारून येतो. नमुना काळपट वाटला तर तिथेच थोडा उजळ करून घ्यावा. फोटोखाली नाव आणि तारीख घालावयाची असेल, तर ती अक्षरे कडेपासून निदान पाऊण इंच आत घ्यावयास सांगावे. चौकटीची पट्टी चारही बाजूंनी पाव इंच तरी गिळते, आणि नेमका वर्षाचा शेवटचा आकडा तिच्याखाली जातो.